हायपोपिऑन

“आजी, तुमच्या डोळ्याला झालंय तरी काय?” केळशीकर सरांनी विचारलं आणि माईक म्हातारीच्या तोंडापुढे धरला.

देवकाबाईला दोघा कार्यकर्त्यांनी दंडाला धरून मंचावर आणून उभं केलं होतं. समोर पाच-सहाशे माणसं बसलीत हे तिला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तिने माईक हाताने चाचपून पाहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “डोळ्यात पानी उतरलं बाप्पा. अजून काय होईन?”

“ऐकलंत?” सर हरखले. माईक त्यांनी लगेच परत आपल्या तोंडाशी नेला. “पाणी उतरलं! मंडळी, शेकडो वर्षांपूर्वी अरब हकीम या रोगाला काय म्हणत? नुजूल-अल-मा. म्हणजे पाण्याचं उतरणं! लॅटिनमध्ये त्याचा झाला कॅटरॅक्टा, धबधबा. इंग्रजीत कॅटरॅक्ट. इराणात म्हणतात आब-ए-मुर्वारीद, मोत्याचं पाणी. आणि आपण काय म्हणतो? मोतीबिंदू! कुठे बगदाद, कुठे रोम आणि कुठे तुमचं कासारखेड!”

शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेब सपकाळ यांनी टाळ्या सुरू केल्या. टाळ्या कशासाठी हे ज्यांना कळलं नाही त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

“आणि आपल्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत या रोगाचं नाव काय आहे?” सरांनी थोडं थांबून उत्सुकता वाढवली. “लिंगनाश!”

मग मागे तरुण पोरं फिसफिसली, बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला घाबऱ्या आवाजात विचारलं, “काहून गा, थेबी कापतात काय?”

“लिंग म्हणजे चिन्ह! खूण! दृष्टीचं चिन्ह!” सर ओरडत होते, पण आता कोणी ऐकत नव्हतं. देवकाबाई तशीच उभी होती. तिला बसवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी मंचाच्या पायरीशी उभी होते. डॉ. कुमुद पाचपोर, नेत्रविभागात शेवटच्या वर्षाला शिकणारी, सरांच्या हाताखालची. माझं लक्ष भाषणाकडे नव्हतं. असली भाषणं मी तीन वर्षं रोज सकाळी वॉर्डात ऐकत आले होते. पेशंट वेदनेने विव्हळत असला तरी सर आम्हाला विचारत, ‘प्युपिल म्हणजे काय?’ आणि स्वतःच सांगत, की लॅटिनमध्ये प्युपिल म्हणजे छोटी बाहुली, संस्कृतात कनीनिका, मराठीत डोळ्यातली बाहुली, कारण समोरच्या डोळ्यात आपलीच लहानशी प्रतिमा दिसते. केळशीकर सरांना जिकडेतिकडे आपलीच प्रतिमा दिसायची. ती लहानशी नसायची, एवढाच फरक. उत्तम सर्जन असल्याची त्यांची ख्याती वीस वर्षांपूर्वीची होती. आता ते शाली गोळा करत हिंडत, आणि प्रत्येक शालीच्या मोबदल्यात एका शब्दाचा इतिहास देत.

माझं लक्ष होतं शाळेच्या मागे धडधडणाऱ्या जनरेटरकडे. गावात सकाळपासून वीज नव्हती. जनरेटर एकच, तोही अण्णासाहेबांच्या जिनिंग फॅक्टरीतून आणलेला. त्यावर एक तर लाउडस्पीकर आणि मंचावरचे पंखे चालत, नाही तर शस्त्रक्रियेची साधनं उकळायचा आमचा स्टरिलायझर. दोन्ही लावलं की तो आचके देऊन बंद पडे. मी दुपारीच अण्णासाहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, उद्घाटन बिनामाईकचं कसं होईन? लोक काय म्हनतीन?”

भाषण सुरू होण्याआधी मी सरांनाही सांगितलं होतं. “दहा मिनिटं बोलतो,” असं ते म्हणाले होते. आता ऊन उतरायला लागलं होतं आणि सर नुकतेच जर्मनीत पोचले होते.

---

भाषण संपलं, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. सर शाळेच्या त्या वर्गात आले जिथे आम्ही दोन टेबलं मांडून ऑपरेशन थिएटर केलं होतं. भिंतीवर बाराखडीचा तक्ता तसाच होता. एका टेबलावर सर, दुसऱ्यावर आमच्या विभागातले लेक्चरर डॉ. दामले. मी सरांच्या मदतीला.

“सर, आता स्टरिलायझर लावलाय. पाणी उकळायचंय अजून. साधनं नीट उकळेपर्यंत थांबावं लागेल.”

“किती पेशंट आहेत?”

“आज चाळीस. उद्या तेवढेच.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. रात्री अण्णासाहेबांच्या फार्महाऊसवर जेवण होतं, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. जेवणाचा बेतसुद्धा माईकवर सांगून झाला होता.

“स्पिरिटमध्ये बुडवा. तेवढं पुरतं.”

“सर, पुरत नाही. आणि चाळीस जणांना आपल्याकडे चारच सेट आहेत. प्रत्येक पेशंटनंतर उकळलेच पाहिजेत. स्टराइल नसतील तर...”

“स्टराइल!” सरांचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखत होते. “हा शब्द कुठून आलाय ठाऊक आहे? लॅटिन स्टेरिलिस. वांझ. आणि आपल्या वेदांत शब्द आहे ‘स्तरी’. स्तरी म्हणजे वांझ गाय! एकच धातू. लक्षात ठेवा, तोंडी परीक्षेत विचारीन.” दामले नम्रपणे हसले. दामले नेहमीच हसत. त्या हसण्यावरच ते लेक्चरर झाले होते आणि पुढे प्रोफेसरही झाले. “आणा तुमचं स्पिरिट.”

“सर, मला हे बरोबर वाटत नाही.”

“तुम्हाला काय वाटतं हे डिग्री मिळाल्यावर सांगा, डॉ. पाचपोर. तोवर स्पिरिट ओता.”

आमच्याबरोबर आलेली सिस्टर आणि मी मिळून एवढंच करू शकलो, की पाणी उकळलं तेव्हा दोन सेट जबरदस्तीने त्यात टाकले. सरांनी ते उकळी धरून जरा वेळ होत नाही तोच काढायला लावले. मग तेही स्पिरिटमध्ये गेले. नंतर नुसते पुसले जाऊ लागले.

पहिली पेशंट देवकाबाई. अर्थातच. सर म्हणाले, “माझी अरबी आजी कुठे आहे?” त्यांच्याबरोबर आलेल्या फोटोग्राफरला ते चित्र हवं होतं.

मी तिच्या डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन देत होते तेव्हा तिने माझं मनगट धरलं. “पोरी, होईन ना वं बरं?”

“होईल आजी. हलू नका फक्त.”

“मले लई काही पाहाचं नाई. सून वरनात काय टाकते तेवढं पाहाचं हाय. थे म्हनते तेल टाकलं. मले तं नुसतं पानी लागते.”

मला हसू आलं. सिस्टरलाही. सरांनी हात वर केले आणि म्हणाले, “चला, बगदादचं पाणी काढू या.”

---

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडायच्या होत्या. पेशंट वर्गांमध्ये गवतावर अंथरलेल्या सतरंज्यांवर झोपले होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून. ऑपरेशननंतर थोडं दुखतंच. पण मी दारात पाऊल टाकलं तेव्हा जे ऐकू आलं ते थोडं दुखणाऱ्या माणसांचं कण्हणं नव्हतं.

देवकाबाईचा मुलगा रामकिसन तिच्या उशाशी बसून होता. “रातभर झोपली नाई माय,” तो म्हणाला. “डोळा फुटून रायला म्हनते.”

मी पट्टी सोडली. पापण्या सुजून टरबुजासारख्या झाल्या होत्या. पिवळा चिकट स्राव गालावर आला होता. पापणी उचलून आत टॉर्च मारला. डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होता. काळ्या बुबुळाच्या तळाशी, आतल्या बाजूला, पांढरट पिवळा थर साचला होता, पेल्याच्या तळाशी ताक उरावं तसा.

मी पुढच्याकडे गेले. मग त्याच्या पुढच्याकडे. सगळ्यांचं तसं नव्हतं. पण दहा जणांचं होतं. दोन्ही टेबलांवरचे.

सर नाश्ता करून आले. मी त्यांना देवकाबाईपाशी नेलं. त्यांनी माझ्या हातातला टॉर्च घेतला, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहत राहिले. त्या वेळी, मला वाटतं, ते काही क्षण खरोखर डॉक्टर होते. मग ते सरळ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “हायपोपिऑन.”

“म्हंजे काय साहेब?” रामकिसनने विचारलं.

“ग्रीक शब्द आहे.”

“बरं हाय का वाईट हाय?”

“ऑपरेशननंतर दिसतं कधी कधी. थेंब घालू, औषध देऊ.” आणि ते पुढे सरकले. रामकिसनने हात जोडले. एवढ्या मोठ्या डॉक्टरने आपल्या आईसाठी एक ग्रीक शब्द खर्ची घातला याचंच त्याला समाधान वाटलं असावं. त्याने आईच्या कानाशी लागून सांगितलं, “हायपो झालं म्हनते माय. होते तसं.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी दार लोटून घेतलं. आत सर, दामले आणि मी.

“सर, दहा डोळ्यांत इन्फेक्शन आहे. यांना आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या हॉस्पिटलला हलवायला हवं. अजून काही डोळे वाचतील. आणि आजची ऑपरेशनं रद्द करायला हवीत.”

“दुपारी समारोपाला मंत्री येतायत,” सर म्हणाले.

“येऊ द्या.”

“समारोप होऊ दे, मग संध्याकाळी पाठवू. शांतपणे, एकेकाला. आजची यादी अर्धी करू. पूर्ण रद्द केली तर गावाला वास येईल.”

“वास येतोच आहे सर. वर्गात जाऊन बघा.”

दामले खिडकीबाहेर बघत होते. बाहेर झाड होतं, त्यात त्यांना अचानक फार रस निर्माण झाला होता.

“आणि नातेवाईक विचारतायत, त्यांना काय सांगायचं?” मी विचारलं.

“हायपोपिऑन सांगा. त्यात खोटं काय आहे?” सरांचा आवाज चढला नव्हता. उलट वर्गात समजावतात तसा मऊ होता. “वैद्यकात परकी परिभाषा असते ती याचसाठी. सामान्य माणूस घाबरू नये म्हणून. शब्द समजला की भीती वाटते. शब्द समजला नाही की विश्वास वाटतो. हे शिका, पुढे उपयोगी पडेल.”

तीन वर्षं हा माणूस शब्द उलगडून दाखवत हिंडत होता. आज पहिल्यांदाच तो शब्द न उलगडण्याची फी मागत होता. त्याआधी मला त्यांचा कंटाळा येत असे, कधी हसूही येत असे. तिरस्कार मला त्या खोलीत वाटला. तो अजून आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो काही गेला नाही. जायचं काही कारणही मला दिसत नाही.

---

मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात दुसऱ्या तुकडीचे लोक रांगेने बसले होते. त्यांच्या पापण्यांचे केस कापून झाले होते, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून झाले होते. हातावर चिकटपट्टीचे नंबर. सिस्टर माझ्याकडे बघत होती.

सर अण्णासाहेबांशी बोलले ते मी काही अंतरावरून ऐकलं. “काही जणांना हायपोपिऑन आहे. किरकोळ. काळजी नको.” अण्णासाहेबांनी तो शब्द दोन वेळा ओठांवर घोळवला. मग ते माईककडे गेले. स्टरिलायझर बंद करून जनरेटर पुन्हा लाउडस्पीकरला जोडला होता, कारण मंत्री येण्याआधी वातावरणनिर्मिती व्हायला हवी होती.

“बंधू आणि भगिनींनो,” अण्णासाहेब म्हणाले, “कालचे सर्व ऑपरेशन केळशीकर साहेबांच्या हातून यशस्वी झालेले आहेत! त्यातल्या काही भाग्यवान पेशंटांना तर हायपोपिऑनसुद्धा देण्यात आलेलं आहे! शहरात यालाच हजारो रुपये पडतात!”

टाळ्या.

मी सरांकडे पाहिलं. ते आता तरी हाताने थांबवतील असं मला वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित आठी आली, बहुधा उच्चारामुळे.

व्हरांड्यातल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा, सुखदेव गवई नाव त्याचं, ग्रामपंचायतीचा जुना सदस्य, काठी टेकत उभा राहिला.

“त्याहीले देल्लं तं आमाले काहून नाई?” तो ओरडला. “आमी काय मतं देल्ली नाई? आमालेबी थे हायपो पायजे!”

“बराबर हाय!” आणखी दोघं-तिघं उठले. “आमचाबी नंबर लावा त्याच्यात!”

अण्णासाहेबांनी हात उंचावून आश्वासन दिलं. “सर्वांना मिळेल! सर्वांना मिळेल! घाई करू नका!”

मला हे सांगताना आजही हसू येतं. ते हसणं चांगलं नाही, हे मला कळतं.

मी चालत माईकपाशी गेले. “अण्णासाहेब, मला दोन शब्द बोलायचेत.” त्यांनी आनंदाने माईक दिला. बाईमाणूस बोललं की कार्यक्रमाला शोभा येते, असं ते मागच्या माणसाला म्हणाले, तेही लाउडस्पीकरवर ऐकू गेलं.

“काल सरांनी तुम्हाला मोतीबिंदू हा शब्द समजावून सांगितला,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “आज मी हायपोपिऑन सांगते. त्यात दोन शब्द आहेत. हायपो म्हणजे खाली. पिऑन हा ग्रीक शब्द. ग्रीक लोक म्हणायचे पूऑन. लॅटिनमध्ये तोच शब्द पूस. इंग्रजीत डॉक्टर म्हणतात पस. संस्कृतात पूय. या सगळ्या भाषांत तो एकच शब्द आहे, एकाच मुळातून आलेला. आणि मराठीतही तोच आहे. सगळ्यांत छोटा आहे. पू.”

मी माईक तोंडाच्या आणखी जवळ घेतला.

“हायपोपिऑन म्हणजे डोळ्यात खाली साचलेला पू. काल ऑपरेशन झालेल्या दहा जणांच्या डोळ्यात पू झालाय. साधनं नीट उकळली नव्हती. आजही उकळलेली नाहीत. तुमच्या पापण्यांचे केस कापलेत, थेंब घातलेत, पण डोळ्याला अजून कोणी हात लावलेला नाही. घरी जा. आज इथे डोळा कापून घेऊ नका.”

सुखदेव गवई काठी धरून उभाच होता. “पू?” त्याने विचारलं. माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“पू,” मी म्हणाले.

तो हळूच खाली बसला. मग परत उठला आणि हाताची चिकटपट्टी ओढून काढली. त्याच्या शेजारच्या बाईने काढली. बाहुल्या मोठ्या केलेल्या त्या डोळ्यांना ऊन सहन होत नव्हतं. माणसं कपाळावर हात धरून, एकमेकांचे सदरे नि पदर पकडून व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायला लागली. वर्गांमधून नातेवाईक धावत बाहेर आले. रामकिसन सरळ सरांच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याने हात उगारला नाही. नुसतं विचारलं, “तुमाले ठाऊक होतं?” सर त्याला वळसा घालून पुढे झाले.

अण्णासाहेबांनी माझ्या हातातून माईक हिसकावला. दामले गाडीत जाऊन बसले.

गर्दीतून वाट काढत सर माझ्याजवळ आले. मला वाटलं मारतील. किंवा ओरडतील. निदान माझं करिअर संपलं असं तरी म्हणतील. मी त्या सगळ्याची तयारी केली होती. ते माझ्या अगदी कानाशी आले आणि दात आवळून म्हणाले,

“ग्रीक शब्दातला उकार ऱ्हस्व आहे, डॉ. पाचपोर. तुम्ही दीर्घ म्हटलात.”

---

सुखदेव गवईच्या पुतण्याचा टेम्पो होता. त्यात गवत घालून दहाही जणांना आम्ही जिल्ह्याच्या हॉस्पिटलला नेलं. सिस्टर आणि मी बरोबर होतो. रस्त्यात मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा धूळ उडवत समोरून आला, आम्ही टेम्पो बाजूला घेतला. देवकाबाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी आदळली की ती “आई वं” म्हणे आणि मग गप्प होई. एकदा तिने विचारलं, “थे पू हाय थे निघून जाईन ना वं?” मी म्हणाले, प्रयत्न करू.

त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जीव तोडून काम केलं. दहांपैकी सहा डोळे कसेबसे वाचले. चार गेले. त्यात देवकाबाईचा होता. शेवटी तो काढावाच लागला.

चौकशी झाली. चौकशी समितीचे अध्यक्ष सरांचे जुने मित्र होते, आणि दोष कासारखेडच्या विहिरीच्या पाण्याला दिला गेला. दामल्यांनी तसा जबाब दिला. माझा जबाबही घेतला होता, तो अहवालात मला कुठे सापडला नाही. मी परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा त्या कॉलेजात बसलेच नाही. दुसरीकडून डिप्लोमा केला आणि अकोल्याला दवाखाना थाटला. सरांनी पुढे वैद्यकीय शब्दांवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. लोक ती कात्रणं कापून ठेवत. हुशार माणूस, किती भाषांचा व्यासंग, असं लोक मला सांगायचे. मी विषय बदलत असे.

दवाखाना सुरू करून दोनएक वर्षं झाली तेव्हा एका सकाळी रामकिसन आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. देवकाबाई वाळली होती. एका डोळ्याच्या जागी खाच होती, तिने ती पदराने झाकून घेतली होती. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. उजेड-अंधार तेवढा कळत होता.

मी नीट तपासलं. पडदा चांगला वाटत होता. ऑपरेशन करण्यासारखा डोळा होता.

“आजी,” मी म्हणाले, “हा डोळा होऊ शकतो. तुम्हाला परत दिसू शकतं. मी स्वतः करीन. साधनं मी स्वतः उकळीन, रामकिसनला समोर उभा करून. काय काय होऊ शकतं ते सगळं सांगते. चांगलं आणि वाईट.”

आणि मी सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, एकही शब्द न झाकता. पूसुद्धा सांगितला, तो किती जणांना होतो तेही सांगितलं. रामकिसन मान डोलवत होता. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“थो मोठा डॉक्टर कुठं असते आता?” तिने विचारलं.

“आहे तिथंच.”

“अजूनबी बोलते काय तसाच?”

“बोलतो.”

तिने टेबलावर हात पसरून माझा हात शोधला आणि धरला. तळवा खरखरीत, गरम होता.

“तू चांगली हायेस वं बाई,” ती म्हणाली. “तू खरं बोलली. लोकं अजून नाव काढतात तुहं. पन त्या दिशी तूबी तिथंच होती. सुई तुह्याच हातात होती.”

रामकिसन ओशाळला. “माय, काय बोलतं तू,” म्हणाला. तिने माझा हात थोपटला, समजूत घालावी तसा, आणि सोडून दिला. मग मुलाचा खांदा धरून उठली, दाराची चौकट बोटांनी चाचपली, आणि उंबऱ्याला पाय न अडकू देता बाहेर गेली.